खांद्यावरचा हात

इरा आणि ओम,

तुम्ही दोघं मराठी वाचता, पण खडीच्या रस्त्यावरून अनवाणी चालल्यासारखं, हे मला ठाऊक आहे. तरी हे मी मराठीतच लिहिते आहे. इंग्रजीत लिहिणं मला अवघड नाही, माझं सगळं शिक्षण त्याच भाषेत झालं. पण यातली माणसं इंग्रजी बोलायला लागली तर मलाच ती ओळखू येणार नाहीत. अडलं तर आईकडून वाचून घ्या.

आत्ताच का, तर येत्या गुरुवारी माझ्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढणार आहेत. डावा दोन महिन्यांपूर्वी झाला. सध्या माझे दोन डोळे दोन वेगळी घरं पाहतात. डाव्याने बघितलं तर स्वयंपाकघराची भिंत पांढरी आहे. उजव्याने बघितलं तर तिच्यावर कुणीतरी कोरा चहा ओतलाय. दिवसातून वीस वेळा मी एकेक डोळा झाकून घरभर बघत फिरते. एका जागी बसवत नाही. हा परिच्छेद लिहितानासुद्धा दोनदा उठले आणि खिडकीतून शेजाऱ्यांची वाळत घातलेली चादर दोन्ही डोळ्यांनी तपासून आले.

दुसरं कारण तू आहेस, इरा. श्रावणात तू मला एक हात करून पाठवलास. त्यानंतर फोनवर तू दोनदा विचारलंस, "आजी, त्यांना आवडला का गं तो हात?" दोन्ही वेळा मी तुला लोणावळ्यातलं धुकं किती दाट आहे ते सांगत बसले. आता नीट उत्तर देते. पण त्याआधी आमचा धंदा काय होता ते सांगायला हवं, कारण तुमच्या आईने तुम्हाला एवढंच सांगितलेलं दिसतं की आजोबांचा स्टुडिओ होता आणि आजी मदत करायची.

मी मदत करत नव्हते. आजोबा फोटो काढायचे आणि मी ते सुधारायचे. बाजारपेठेतल्या दुकानात पुढे ते, मागे पडद्याआड मी. गिऱ्हाइकं त्यांना भाऊ म्हणायची, म्हणून मी सगळ्यांची वहिनी. सुरुवातीला काम निगेटिव्हवर चालायचं. निगेटिव्हमध्ये सगळं उलटं असतं. चेहऱ्यावरची सुरकुती तिथे फिकी रेघ म्हणून दिसते. टोकदार पेन्सिलीने त्या रेघेवर अगदी हलके ठिपके द्यायचे, मग कागदावर उतरताना ती सुरकुती निवळते. जास्त दाबलं की कपाळावर पांढरा डाग आणि गिऱ्हाईक म्हणणार, कोड काढलंत काय. पुढे संगणक आला. त्याबरोबर चारशे पानांचं इंग्रजी पुस्तक होतं. आजोबांनी ते माझ्यापुढे ठेवलं आणि म्हणाले, "तुझ्या शाळेची फी आता वसूल होऊ दे."

रंग सुधारणं म्हणजे काय, ते एका वाक्यात सांगता येतं. फोटोत पांढरं काय आहे ते शोधायचं. धोतर, सदरा, ताटातला भात, काहीही. ते आधी पांढरं करायचं, बाकीचे रंग आपोआप जागेवर येतात. जुने रंगीत फोटो लालसर होत जातात, कारण त्यातला निळा आधी उडतो. आमच्याकडच्या धुक्यातले फोटो उलट निळसर येतात. आणि नको ती वस्तू काढणं म्हणजे खरं तर भोक बुजवणं. तारेवरचा कावळा काढला की मागे कावळ्याच्या आकाराचं भोक उरतं. ते आजूबाजूचं आभाळ थोडं थोडं आणून असं भरायचं, की तिथे काही होतं अशी शंकासुद्धा येऊ नये. यात मी चांगली होते. नम्रपणा दाखवायचं माझं वय गेलं, म्हणून स्पष्ट लिहिते: खंडाळ्यापासून देहूरोडपर्यंत माझ्याइतकं स्वच्छ काम कोणी करत नव्हतं.

काय काय काढलंय मी! दरीच्या फोटोतली अनोळखी माणसं, नवरदेवामागची पंक्तीची उष्टी पानं, एका साहेबांच्या हातातली सिगारेट. सिगारेट काढल्यावर त्यांची दोन बोटं उगाच वर राहिली, तेव्हा त्यात पेन दिलं. सर्वात गाजलं ते माकड. सोलापूरकडचं एक नवं जोडपं फिरायला आलं होतं. पॉइंटवर फोटो काढला आणि नेमक्या त्या क्षणी माकडाने नवरीच्या हातातलं कणीस ओढलं. नवरा म्हणाला, "वहिनी, तेवढं माकड काढा, आईला फोटो दाखवायचाय." काढलं. दोन वर्षांनी तेच जोडपं बाळाला घेऊन परत आलं. नवरा जरा ओशाळून म्हणाला, "ते माकड परत मिळेल का? आता घरात सगळे माकडाचीच गोष्ट सांगतात आणि फोटोत माकडच नाही."

मिळालं. दोन मिनिटांत. कारण माझी पद्धत होती. प्रत्येक कामाला क्रमांक. प्रत्येक क्रमांकाच्या दोन फाइली, एक 'मूळ', एक 'तयार'. दोन्ही डिस्कवर, डिस्क डब्यात, डब्यावर चिठ्ठी. आजोबा गिऱ्हाइकांना सांगायचे, "आमच्याकडे माकडसुद्धा नंबर लावून ठेवतात."

सगळंच असं हसण्यासारखं नव्हतं. तळेगावच्या एका मुलीचा स्थळांना दाखवायचा फोटो होता. वडील म्हणाले, जरा उजळ करा. मी केला. पाहुणे आले, मुलीला पाहिलं, चहा पिऊन गेले. चार दिवसांनी मुलगी एकटी दुकानात आली, तिने तो फोटो काउंटरवर ठेवला आणि शांतपणे विचारलं, "काकू, ही कोण आहे?" त्यानंतर मी दुकानात पाटी लावली, चेहऱ्याचा रंग बदलून मिळणार नाही. आजोबा आठवडाभर कुरकुरले. मला वाटलं होतं, या धंद्यातली आपली चूक झाली ती एवढीच.

आता हाताचं.

यंदा आषाढात, माझा डावा डोळा नुकताच झालेला, काळा चष्मा लावून मी बसले होते. मोटरसायकलवरून एक माणूस आणि त्याच्या मागे बसून त्याची आई, अशी दोघं दारात आली. बेडशाच्या हौसाबाई आणि त्यांचा मुलगा ज्ञानोबा. ज्ञानोबा चाळिशीचा, नवलाख उंबरे गावातल्या कारखान्यात आहे. हौसाबाई माझ्याच वयाच्या. पंधरा वर्षांपूर्वी त्यांचे यजमान गेले तेव्हा भिंतीवर लावायचा फोटो मी करून दिला होता.

"वैनी, वळखलं का?" हौसाबाई म्हणाल्या. "तुमी काळ्या चष्म्यात फौजदार दिसताय."

"या, बसा. फोटोचा रंग उडाला का?"

"रंग न्हाई वो उडाला. फोटू झ्याक हाय." त्यांनी पदराने कपाळ पुसलं. "त्यातला हात माघारी पायजे."

मी ज्ञानोबाकडे पाहिलं. तो म्हणाला, "काकू, मीच आनलावता तुमच्याकडं फोटो. चुलत्याच्या लग्नातला. मदी आमचं आबा बसल्यालं, आन आबांच्या खांद्यावर कुनाचातरी हात व्हता. मीच म्हनलो, फकस्त आबा पायजेत, बाकीचं काढा."

तो फोटो मला आठवला. लाल पडलेला, मधोमध घडी, कोपरा फाटका. दिवंगत माणसाचा फोटो घोळक्यातून काढायचा तर खांद्यावर कुणाचा ना कुणाचा हात असतोच. तो काढायचा, हे आमच्याकडे विचारावंही लागत नसे.

"ज्ञानोबा, हात कुणाचा होता?"

"मला काय म्हाईत काकू. आईनं परवा सांगितलं."

हौसाबाई खाली फरशीकडे बघत बोलल्या. "सोनीचा. माजी थोरली. ह्यो व्हायच्या आदीची. नवव्या वर्सी गेली, चार दिसाच्या तापात. त्या लग्नात फोटूवाला म्हनला, ए पोरी, मागं सर, तुजी सावली पडती. ती सरली बापाच्या मागं. फेट्याआड तोंड झाकलं. पन हात काय काढला न्हाई. खांद्यावरच ठिवला. तिचा दुसरा फोटू न्हाई, वैनी. तेवढाच."

मी विचारलं, "मग तेव्हाच का नाही बोललात?"

"वर्सश्राद्धाला भरल्या घरात फोटू उघडला. बगितलं तर खांदा मोकळा. बोलू काय? ह्याची लेक तवा पाळन्यात. मेलेल्या पोरीचं नाव कुटं काढायचं?" मग त्यांचा आवाज जरा वर आला. "आता तीच नात म्हनली, आजी, मोबाईलमदनं काढल्यालं माघारी येतं. तीस दिस ऱ्हातं त्यात."

"आई, तीस दिस," ज्ञानोबा म्हणाला. "हितं पंदरा वर्सं झाली."

"मंग वैनींचा मोबाईल मोठा आसंल," हौसाबाई म्हणाल्या.

मी मूळ फोटोचं विचारलं. ज्ञानोबाने मोटरसायकलची किल्ली खिशात टाकली. मग म्हणाला, "पवनेत सोडला, काकू. तुमीच म्हनला व्हता."

म्हटलं होतं. आम्ही सगळ्यांनाच म्हणायचो. नवा फोटो झाला की लोक जुना कुठेही टाकायचे, आपल्याच माणसाचा चेहरा उकिरड्यावर. म्हणून आजोबांनी आणि मी सांगायला सुरुवात केली, गेलेल्या माणसाचा फाटका फोटो घरात ठेवू नका, निर्माल्याबरोबर नदीत सोडा. लोकांना ते पटायचं. देवाची भंगलेली तसबीर सोडतात, तसंच हे. ज्ञानोबाने वर्षश्राद्धाच्या दिवशी हात जोडून बापाचा जुना फोटो पाण्यात सोडला. त्याबरोबर बहिणीचा हातही गेला, हे त्याला कुठे ठाऊक.

पण मी घाबरले नाही. माझी पद्धत होती ना! मी हौसाबाईंना म्हटलं, "काळजी करू नका. माझ्याकडे मूळ आहे. माकड जपून ठेवलंय मी, तुमचा हात नाही ठेवणार?"

हे वाक्य तेव्हापासून मला चैन पडू देत नाही.

ते दोघं गेल्याबरोबर मी डबे उघडले. डॉक्टरांनी वाकायचं नाही म्हणून सांगितलं होतं, म्हणून गुडघ्यावर बसले. वर्ष सापडलं, डिस्क सापडली, जुना संगणक बराच वेळ कण्हत चालू झाला. क्रमांकाखाली दोन फाइली होत्या. 'तयार' उघडली. आबा, फेटा, मोकळा खांदा. 'मूळ' उघडली. आबा, फेटा, मोकळा खांदा.

पुन्हा बंद करून उघडली. चष्मा काढून, डोळा झाकून, दुसरा झाकून. दोन्ही डोळ्यांना खांदा मोकळाच दिसला.

काय झालं असेल ते मला लगेच कळलं, कारण शिकायला येणाऱ्या प्रत्येकीला मी पहिल्या दिवशी तेच बजावत असे: मूळ फाइलीवर काम करायचं नाही, आधी तिची नक्कल काढायची. त्या वर्षी वीज दिवसातून तीनदा जायची. वीज गेली की संगणकाखालची बॅटरी किंचाळायला लागायची आणि पाच मिनिटांत सगळं बंद. त्या गडबडीत मी नक्कल न काढताच काम केलं असणार आणि बॅटरी संपायच्या आत सेव्हचं बटण दाबलं असणार. हात निघालेला फोटो मूळच्या जागी जाऊन बसला. मग वीज आल्यावर त्याचीच नक्कल मी 'तयार' म्हणून ठेवली, डिस्क डब्यात घातली आणि डब्यावर सुवाच्य अक्षरात चिठ्ठी लावली.

सोलापूरच्या माकडाचं मूळ माझ्याकडे होतं. सोनीच्या हाताचं नव्हतं.

आठ दिवस मी हौसाबाईंना काही कळवलं नाही. ज्ञानोबाचा फोन आला तर वाजू दिला. बाकीच्या सगळ्या डिस्क लावून पाहिल्या, चुकून दुसऱ्या कुठल्या क्रमांकाखाली गेला असेल म्हणून. त्यात वेगळीच गंमत कळली. दुकान बंद केल्यावर मी घरून जी कामं केली, ती नव्या डोळ्याने पाहिली तर सगळ्या नवऱ्या निळसर! माझा डोळा पिवळा होत गेला आणि मी प्रत्येक फोटोतला पिवळा काढत गेले. पाच वर्षांत एकाही गिऱ्हाइकाने तक्रार केली नाही. लोकांना वाटलं असेल, हल्ली अशीच फॅशन आहे. एरवी मी यावर खूप हसले असते.

नवव्या दिवशी मी तुला फोन केला, इरा. कल्पना माझी होती, तुझी नव्हती. मी तुला आबांचा फोटो पाठवला आणि म्हटलं, तुमच्या त्या एआयला सांग, इथे नऊ वर्षांच्या मुलीचा हात हवा, खेड्यातली मुलगी, बांगड्या घातलेल्या. अर्ध्या तासात तुझा हात आला. पन्नास वर्षं या कामात घालवलेली बाई म्हणून सांगते, मी तो भिंगातून पाहिला आणि मला जोड सापडला नाही. बोटांची सावली सदऱ्यावर बरोबर पडली होती. नखंसुद्धा होती.

मी तो छापला. छापताना मनात काय होतं तेही लिहून टाकते. हौसाबाईंना हा बनवलेला आहे हे सांगायचं नाही, असं ठरवलं होतं. तळेगावच्या मुलीनंतर पाटी लावणारी बाई ती मीच.

ज्ञानोबा गाडी घेऊन आला आणि मला बेडशाला घेऊन गेला. लेण्यांच्या पायऱ्या सुरू होतात त्याच्या अलीकडे त्यांचं घर, आता स्लॅबचं. आबांचा फोटो समोरच्या भिंतीवर होता, माझा मोकळा खांदा घेऊन. हौसाबाईंनी हात धुतले, पुसले, पुन्हा पुसले आणि फोटो दोन्ही हातांनी घेतला. दारातल्या उजेडात नेला. बराच वेळ पाहिला.

"लय ग्वाड हात हाय," त्या म्हणाल्या. "कुनाचा?"

मी रिकाम्या पिशवीची घडी घालू लागले.

"आई, सोनाक्काचा," ज्ञानोबा म्हणाला.

"न्हाई रं. ह्यो शाळंत जानाऱ्या पोरीचा हाय. सोनीनं शेन काढल्यालं हाय, भात कापल्यालं हाय. कापनीला इळा लागून तिची करंगळी वाकडी झालती. शेवटपत्तूर सरळ झाली न्हाई." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "वैनी, ह्यो कुटं गावला तुमाला?"

मी सगळं सांगितलं. वीज, बॅटरी, बटण, दोन सारख्या फाइली, माझ्या नातीने बनवलेला हात. शिक्षा ऐकायला उभं राहिल्यासारखी उभी होते. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या म्हणाल्या, "बसा तुमी. चा घ्या आदी." आणि चहा घेऊन झाल्यावर फोटो माझ्या पिशवीत परत ठेवत म्हणाल्या, "ह्यो मातुर हितं ठिवू नगा. उद्या मी गेल्यावर पोरास्नी वाटंल, ह्योच खरा."

इरा, हे तुझ्या प्रश्नाचं उत्तर. हात चांगला होता. मागणी चुकीची होती.

परत आल्यावर मला घर पुरेना. डोळ्यात औषध घालायचं, उठायचं, फिरायचं, पुन्हा डबे उघडायचे. माकडाच्या त्या वाक्याचा तर इतका राग येत होता की मी माकडाचाच फोटो उघडून पाहत बसले. आणि तो पाहताना आठवलं की गिऱ्हाइकांना हे माकड आजोबा संगणकावर दाखवत नसत. काउंटरवर एक वही होती. नमुन्यांची वही. आजोबांनी केलेली. नव्या गिऱ्हाइकाला आमचं काम कळावं म्हणून ते निवडक फोटोंच्या दोन छोट्या प्रती तिच्यात शेजारी शेजारी चिकटवायचे. डावीकडे 'आधी', उजवीकडे 'नंतर'. मला ती वही आवडत नसे. तिला क्रमांक नव्हते, वर्ष नव्हतं, गोंद बाहेर आलेला असायचा. दुकान आवरताना मी ती माझ्या डब्यांत घेतलीच नव्हती.

ती माळ्यावर होती, आजोबांच्या ट्रायपॉडखाली. मी स्टुलावर चढले. तुमची आई हे मोठ्याने वाचत असेल तर तिच्यासाठी: हो, चढले. एका डोळ्याने चढले. पडले नाही.

माकड सतराव्या पानावर होतं. अठराव्या पानावर आबा.

डावीकडचा फोटो दोन बोटं रुंद. लालसर, घडीसकट. पण घोळका होता, फेटा होता, आणि खांद्यावर तांदळाच्या दाण्याएवढा हात होता. उजवीकडे मोकळा खांदा. खाली आजोबांच्या अक्षरात एक ओळ: 'इथे हात होता, असं कोणी म्हणेल?'

मी जमिनीवरच बसले. आजोबांनी स्कॅन झाल्या झाल्या 'आधी'ची प्रत काढून ठेवली असणार, मी बटण दाबायच्या आधी. माझी सगळी शिस्त कामी आली नाही आणि त्यांचा गोंद कामी आला. तो हात जपला गेला तो हौसाबाईंसाठी नाही, तो किती सफाईने मी काढला हे लोकांना दाखवण्यासाठी. काही असो, होता.

भिंगातून पाहिलं. चार बोटं. शेवटचं आत वळलेलं. मनगटावर दोन रेघा, बांगड्यांच्या.

फोटो मी सर्वात बारीक स्कॅन केला, तीन नकला काढल्या आणि नक्कलच उघडली. आबांचा सदरा पांढरा केला. लाली उतरली, तशा बांगड्यांच्या रेघांना रंग आला. उजव्या डोळ्याला त्या हिरव्या दिसल्या. डाव्याला निळ्या. मी डोळे आलटूनपालटून झाकत राहिले. पंधरा वर्षांपूर्वी मी असल्या गोष्टी न विचारता ठरवायचे. लग्नातली मुलगी म्हणजे हिरव्या बांगड्या. या वेळी फोन केला.

"हौसाबाई, सोनीच्या हातात त्या लग्नात बांगड्या कुठल्या होत्या?"

"निळ्या," त्या लगेच म्हणाल्या. "कासार हिरव्या भरत व्हता, तर रडली. निळ्याच पायजे म्हनली. का वो?"

"तुम्ही या," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच दोघं आली. मी पोस्टकार्डाएवढा फोटो छापला होता. त्याहून मोठा केला की हाताचे नुसते ठिपके होत होते. कडा रेखीव केल्या नाहीत, बोटं उजळली नाहीत, आजूबाजूचं कुणालाही काढलं नाही. मधली घडीसुद्धा ठेवली. माझ्या हातून गेलेलं हे सर्वात अस्पष्ट काम. पूर्वीचं गिऱ्हाईक असतं तर तोंडावर फेकलं असतं.

हौसाबाईंनी फोटो डोळ्यांजवळ नेला. अंगठ्याने खांदा चाचपला, मग अंगठा तिथेच राहिला.

"वाकडीच हाय," त्या म्हणाल्या. आणि थोड्या वेळाने, "हाय गं बाय. हितंच हाय."

ज्ञानोबा पलीकडून वाकून बघत होता. बहिणीला तो पहिल्यांदाच बघत होता, आणि बघायला होतं ते एवढंच. म्हणाला, "भितीवर लावू का आई? पहिला आबांचा काढून?"

"आबास्नी कशाला काढतो? शेजारी लाव. काढाकाढी बास झाली."

जाताना दारात त्या थांबल्या. "वैनी, एक इचारू? आता ह्यो फाटला, तर नदीत सोडायचा का?"

"नाही," मी म्हटलं. "फाटला तरी घरात ठेवायचा. मी चुकीचं सांगत होते."

"आसं व्हय," त्या म्हणाल्या आणि पिशवी छातीशी धरून मोटरसायकलवर बसल्या.

मला वाटलं होतं, यानंतर शांत वाटेल. वाटत नाही. पन्नास वर्षांत किती खांद्यांवरचे हात काढले, याची मोजदाद माझ्या एकाही डब्यात नाही. प्रत्येक वेळी कुणीतरी भरल्या घरात गप्प राहिलं असेल का, हे मी कुणाला विचारू? सध्या मी रोज थोड्या डिस्क उघडते आणि प्रत्येक 'मूळ' खरंच मूळ आहे का ते पाहते. आत्तापर्यंत आणखी दोन सापडल्या, ज्या नाहीत. एकीतून मी एक सायकल काढली होती. दुसरीतून काय काढलं, ते मला आठवत नाही.

गुरुवारनंतर दोन्ही डोळे एकच रंग सांगतील. तो बरोबर असेल असं डॉक्टर म्हणतात.

तुमच्यापाशी काही राहावं म्हणून लिहून ठेवते. आबांच्या फोटोच्या तीन नकला आहेत, एक या घरात, एक तुमच्या आईकडे, एक ज्ञानोबाकडे. तिन्हींचं नाव 'मूळ'. मोठी करून पाहा, पण त्यावर काम करू नका. करंगळी वाकडी आहे, ती वाकडीच आहे. नमुन्यांची वही आता माझ्या कपाटात, दुसऱ्या फळीवर आहे. गोंद पिवळा पडलाय, बांधणी सुटलीय, पण पानं सगळी आहेत. अठराव्या पानावर डावीकडे सोनीचा हात आहे.

तुमची आजी
लोणावळा